ताओ पो

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी रात्री आलं. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एवढंच कळलं की तू रडत रडत लिहिलं आहेस. दुसऱ्यांदा फिलिपिन्समधल्या त्या बातांगासचा उकाडा दिसला, बसून गेलेला तुझा आवाज ऐकू आला आणि मिशनच्या आठवड्याच्या अहवालातली शून्यंही दिसली. तिसऱ्यांदा मात्र एका ओळीशी अडकले. तू लिहिलं आहेस, "परवा घरमालकिणीने पिकलेला आंबा चिरून दिला. आम्ही दोघी खाताना इतक्या हसलो, आणि रात्री मला फार वाईट वाटलं. देवाने दिलेल्या वेळात मी आंबा खात हसत बसले."

हे पत्र त्या ओळीसाठी आहे. पायाचे फोड, पाऊस, तोंडात न बसणारी भाषा, या सगळ्याची सवय होते, कोणी शिकवावं लागत नाही. त्या ओळीची मात्र सवय होऊ देऊ नकोस. मी ती उशाशी घेऊन पहिले सहा महिने काढले आणि ते सहा महिने मला परत मिळणार नाहीत.

आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चच्या, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या चर्चच्या, मिशनवर मी गेले ती जून २००५ मध्ये, तुझ्यासारखीच फिलिपिन्सला. आमच्या वेळी मुलींना एकविसावं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते एकोणीसवर आलं, म्हणून तुमच्या पिढीतल्या इतक्या मुली जाऊ शकल्या. एकविसाव्या वर्षी, स्वतःच्या मर्जीने, दीड वर्षासाठी, पगाराशिवाय परदेशी निघालेली मुलगी म्हणजे आमच्या कुर्ल्याच्या चाळीत काय प्रकार होता, ते तुझ्या आईला विचार. बाबांच्या बाजूचे सगळे नगरकडचे जुने मराठी ख्रिस्ती. त्यांना मिशनरी म्हणजे गोरा साहेब आणि त्याची मडम, आपल्या घरातली पोर नव्हे. मिशनरी मुलींना आपल्याकडे "सिस्टर" म्हणतात, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तेवढं ऐकून मी नर्सिंगला चालले असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आजी तेवढी गप्प होती. निघायच्या आदल्या रात्री तिने माझ्या बॅगेत एक टॉवेल जास्तीचा ठेवला आणि म्हणाली, "परक्याच्या घरी पाणी मागताना लाजू नको." तेव्हा वाटलं, ही प्रवासातल्या पाण्याबद्दल बोलते आहे.

मनिलात काही आठवड्यांचं प्रशिक्षण झालं आणि मला लागुना दे बाय सरोवराच्या काठावरच्या एका गावात पाठवलं. मिशनमधली जोडीदार सेबू बेटावरची, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी, कमी बोलणारी. घरमालकीण साठीची विधवा. तिला सगळं गाव नानाय म्हणे, म्हणजे आई. खाली ती राहायची, वर आम्ही. तिच्या पडवीत बाळ येशूची, सांतो निन्योची मूर्ती होती, लाल झग्यातली, समोर सदैव ताजी फुलं.

जुलैच्या शेवटी एका रात्री नानाय जिना चढून वर आली. एरवी तिचे गुडघे दुखायचे म्हणून ती कधी वर येत नसे. तिने टीव्हीवर मुंबई पाहिली होती. "बाहा, बाहा," एवढंच म्हणत होती. बाहा म्हणजे पूर. तो शब्द मला तोवर माहीत नव्हता. मग तिने हात छातीपर्यंत नेऊन पाणी दाखवलं आणि माझे पाय गळाले. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री एवढंच माहीत होतं की आमचं घर तळमजल्याच्या वर एकच मजला आहे, आणि बाबा फोर्टातून सहाच्या सुमारास निघतात.

तुम्हाला आता दर आठवड्याला घरी फोन करता येतो, फेब्रुवारी २०१९ पासून. आम्हाला आठवड्यातून एक ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. मिशन प्रेसिडेंटनी, म्हणजे आमच्या मिशनच्या प्रमुखांनी, लगेच परवानगी दिली, पण लागतोय कुठे फोन? तीन दिवस लागला नाही. ते तीन दिवस मी नेमाने साडेसहाला उठले, अभ्यास केला, बाहेर पडले, लोकांना देवाच्या काळजीबद्दल सांगितलं, आणि आत सगळं भुईसपाट झालेलं होतं.

रोज पहाटे नानाय आम्हाला खाली बोलवायची. ताटलीत लुगाव. लुगाव म्हणजे आपली पेज, फक्त त्यात आल्याचे बारीक काप आणि वर तळलेला लसूण. कोकणातल्या माणसाला डोळे मिटून दिली तर ओळखेल. मी खात नव्हते. ती चमचा माझ्या हातात द्यायची, समोर बसायची, आणि माझ्याकडे न बघता फुलं निवडायची. तिसऱ्या पहाटे मी खाली उतरले तेव्हा ती मूर्तीपुढे माळ जपत होती. आमच्याकडे माळ नाही, मूर्ती नाही. मी जिन्यातच थांबले. तिच्या पुटपुटण्यात मला दोन शब्द कळले, माझं आडनाव आणि "कुर्ला". ते तिने नीट पाठ केलं होतं.

त्याच संध्याकाळी बाबांचा आवाज ऐकला. ते रात्रभर चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचले होते. सगळे सुखरूप होते.

आता त्या आठवड्याचा अहवाल ऐक. शिकवलेले धडे दोन. चर्चला आलेले नवे लोक, शून्य. बाप्तिस्म्याच्या ठरलेल्या तारखा, शून्य. मी तो कागद भरला आणि खरोखर वाटलं की आठवडा वाया गेला. एका म्हातारीने माझ्या आईबापांसाठी तीन पहाटा गुडघे टेकले होते, माझ्या हातात चमचा दिला होता, आणि मला कागदावर त्याची जागा सापडत नव्हती म्हणून मी तो आठवडा शून्याचा समजले! नानाय शेवटपर्यंत कॅथलिकच राहिली, पोरी. आमच्या चर्चचा उंबरा तिने एकदाही ओलांडला नाही. प्रार्थना कशी करतात हे मात्र मला तिने दाखवलं, आणि मी तर तेच शिकवायला गेले होते.

तू म्हणशील, मावशी, मग अहवाल भरूच नको का? भर. खरा भर. आकडे लिहिण्यात पाप नाही, कोणाकडे परत जायचं, कोण आजारी आहे, हे त्यामुळेच लक्षात राहतं. फक्त आज हसायचं की नाही हे त्यांना विचारू नकोस. मिशनमध्ये नकळत असं होतं. कोणी तोंडाने सांगत नाही, पण पोरापोरींच्या मनात हिशेब बसतो: चांगला आठवडा गेला तर आनंदाचा हक्क, वाईट गेला तर आंबासुद्धा चोरीचा. मॉर्मनच्या पुस्तकात लीही आपल्या मुलाला सांगतो की माणूस आनंदासाठी आहे. ते वाक्य तू पाचवीत असताना रविवारी उभी राहून घडाघडा म्हटलं होतंस, मी पहिल्या रांगेत होते. त्याच्यापुढे अट नाही. मी पुष्कळदा शोधली आहे.

फिलिपिन्समध्ये तुला एक गोष्ट वारंवार ऐकवतील. २८ एप्रिल १९६१ च्या सकाळी मनिलाजवळच्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत आपल्या चर्चचे नेते गॉर्डन हिंकली यांनी प्रार्थना करून मिशनचं काम सुरू केलं, तेव्हा जमलेल्यांत फिलिपिनो सदस्य एकच होता. आज त्या देशात आठ लाखांहून अधिक सदस्य आहेत. ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण त्याच्याशेजारी मी आपल्याकडची एक गोष्ट ठेवते, बाबांनी मला सांगितलेली. आपल्या चर्चची स्थापना १८३० ची, आणि १८५१ मध्ये मिशनरी कलकत्त्याला पोचलेसुद्धा. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईत उतरला, पुढे पुण्याला गेला. आपल्या पुण्याला! चालत, लोकांना भेटत, उन्हापावसात तो राहिला. मूठभर लोक मिळाले. काही वर्षांत बहुतेक मिशनरी परत गेले आणि त्या कामाचं फारसं काही उरलं नाही. मराठी मुलुखात आपलं नाव पुन्हा रुजायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली.

दोन्ही माणसं सारखीच पहाटे उठली असतील. तुझ्या वाट्याला मनिला येईल की पुणे, हे तुला आत्ता कळायची सोय नाही, आणि तू घरी परत येशील तेव्हाही कदाचित कळणार नाही. लष्कर भागातून जाताना मला अजून फिंडलेची आठवण येते. वाटतं, याला पुण्यात एखादा दिवस तरी सुखाचा गेला असेल ना? पावसानंतर मुळा-मुठेकाठी उभा राहिला असेल, कोणी गुळपाणी दिलं असेल. गेला असेल असं मी धरून चालते. त्याच्या आकड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता दाराबद्दल. दारात उभं राहायची तुला भीती वाटते असं लिहिलंस. तुला त्या लोकांची हाक ठाऊक झाली असेल, "ताओ पो!" दार ठोठवत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून हाक मारतात. ताओ म्हणजे माणूस. पो हा मानाचा शब्द, आपल्या "अहो"च्या जवळचा. म्हणजे फाटकाशी उभं राहून म्हणायचं काय, तर "माणूस आहे हो." जुनी माणसं सांगतात की अंधारात बाहेर भूतखेत आहे की माणूस, हे घरातल्याला कळावं म्हणून असं म्हणतात. आपल्याकडे खेड्यात "हाय का कोन घरात?" म्हणून ओरडतात, तिथे आतल्या माणसाची चौकशी असते. तिथल्या तागालोग भाषेत आपण आधी स्वतःचं सांगतो.

मी पहिले कित्येक दिवस ती हाक उरकायची. पुढचं वाक्य, म्हणजे आम्ही कोण, कुठल्या चर्चच्या, काय सांगायला आलो, ते मनात घोकत असायचे. एकदा दुपारी रणरणत्या उन्हात एका घराशी हाक मारली. आतून बाई आली, दोन्ही हात साबणाने भरलेले, कडेवर पोर. आणि मी पुढचं वाक्यच विसरले. कोरी पाटी. तोंडातून निघालं ते आजीचं: "पाणी मिळेल का?" बाईने हात पुसले, पोर माझ्या जोडीदाराच्या हातात दिलं आणि आत गेली. पाणी प्यायलो. ती म्हणाली, पोराला ताप आहे, नवरा सौदीत आहे, कपडे राहिलेत. मग आम्ही तिचे कपडे पिळून वाळत घातले. लाकडी धोपटणं असतं तिथे, पालो-पालो म्हणतात, ते मला चालवता आलं नाही आणि ती हसली. धर्माचा शब्द त्या दुपारी निघाला नाही. उठताना तिने विचारलं, पुन्हा कधी येणार?

तेव्हा आजीचा टॉवेल आठवला. दारात उभं राहणाऱ्याने काहीतरी मागावं, नुसतं देऊ नये, असं तिला म्हणायचं असावं. सतत देणाऱ्या माणसाची समोरच्याला भीती वाटते. पाणी माग. भाजीचं नाव विचार. लुगाव कसा करतात ते विचार. बातांगासमध्ये तर घरोघरी कॉफी पुढे येते, बाराको, त्यांचा अभिमान आहे तो, आणि आपल्या चर्चमध्ये चहा-कॉफी घेत नाहीत. "नको" म्हणताना तुझा चेहरा पडतो असं तू लिहिलंस. नुसतं "नको" म्हणून थांबू नकोस ना. "कॉफी नाही घेत, पण सालाबात असेल तर द्या," म्हण. आल्याचा काढा आहे तो, गूळसाखर घातलेला. घरात आलं असतंच. त्या बाईला काहीतरी द्यायचं असतं, कपात काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. माझ्या नगरच्या आत्यांकडे चहाला नाही म्हटल्यावर जो अबोला झाला होता, त्यातून मी हे शिकले, पण फार उशिरा.

आणि मूर्तीपुढे, माळेपुढे, कोणाच्या देव्हाऱ्यापुढे कधीही कमीपणाचा शब्द काढू नकोस. चुकून सुद्धा. आपल्या देशात आपल्याविषयी लोक काय काय धरून बसलेले असतात, ते तू सोसलं आहेस. ज्याला ऐकायचं आहे त्याला मनापासून सांग, ज्याला नाही त्याच्याकडेही तेवढ्याच मायेने बस. मी दीड वर्षात जितकं पाहिलं त्यावरून सांगते, वाद जिंकून आलेल्या दिवशी रात्री जेवण जात नाही.

भाषेचं म्हणशील तर त्यात फार मोठा आनंद दडला आहे आणि तो तुझ्याइतका तुझ्या अमेरिकन मैत्रिणींना मिळायचा नाही. तिकडे चेहऱ्याला मुखा म्हणतात. शिक्षकाला गुरो. मुगाला मुंगो. आशेला पाग-आसा, त्यातला आसा म्हणजे आपली आशाच. तुम्ही रोज ज्या शब्दाने धडा सुरू करता तो विश्वास, पानानांपालाताया, त्याच्या पोटात संस्कृतातला संप्रत्यय आहे. शेकडो वर्षांपूर्वी समुद्रावरून कोण कोण गेलं, काय काय देऊन आलं, कोणाला पत्ता नाही, पण शब्द तिथे राहिले आणि तुझी वाट बघत बसले. मला हे कळलं त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून जोडीदाराला मराठीत सांगत सुटले, तिला एक अक्षर कळत नव्हतं. एक वही कर. दिवसाला एक शब्द. असे सापडलेले शब्द मला पाठव, माझ्या वहीत एकेचाळीस आहेत.

जोडीदाराबद्दल तू हात आखडून लिहिलं आहेस, पण मी ओळखते. चोवीस तास एकत्र, नजरेआड व्हायचं नाही, आणि निवड आपली नाही. माझी आणि त्या सेबूच्या मुलीची चार दिवस बोलाचाली बंद होती. कारण सांगायलाही आता लाज वाटावी इतकं क्षुल्लक, भांडी कोणी घासायची याचं. पाचव्या दिवशी शुक्रवार होता. तिकडे शुक्रवारी पुष्कळ घरांत मुंगो शिजतो. ती पातेलं चढवून बसली होती. मी शेजारी जाऊन लसूण सोलायला लागले. मग तेल तापवलं, लसूण लालसर केला, मिरची मोडून टाकली आणि वरून चर्रकन फोडणी दिली. मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्ता नाही. तरी त्या आवाजाला ती दचकून मागे सरली आणि मग वाकून पातेल्यात बघायला लागली. आम्ही भातावर घेऊन तेच जेवलो. तिने तीनदा घेतलं. बोलणं कसं सुरू झालं ते आठवत नाही.

तिची एक गोष्ट सांगते. सेबूकडे पक्ष्याला लांगाम म्हणतात, तागालोगमध्ये लांगाम म्हणजे मुंगी. एका घरी ती फार भावपूर्ण सांगत होती की आकाशात उडणाऱ्या पाखरांचीही देव काळजी घेतो. घरातले आजोबा वर बघत होते, मग हळूच खाली जमिनीकडे बघायला लागले, मुंग्यांची रांग होती तिथे. मग म्हणाले, "हो, त्यांचीही घेतो." कोणी हसलं नाही. आजोबांना खरंच तसं वाटलं होतं. आम्ही दोघी बाहेर पडल्यावर फाटकाशी एकमेकींना धरून हसलो, आणि पोरी, त्या रात्री मला वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा. तो डिसेंबर होता.

यानंतरचं वर्ष भराभर गेलं. मे २००६ मध्ये आम्ही लुकबानला होतो. पंधरा तारखेला तिथे पाहियास असतो, शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा सण. घरांच्या दर्शनी भिंती भाताच्या लोंब्या, भाज्या, फळं आणि किपिंगने मढवतात. किपिंग म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ रंगीत पापड्या, खऱ्या पानावर थापून केलेल्या, पानाच्या शिरासुद्धा उमटलेल्या असतात. आमच्या शेजारणीचं माणूसबळ कमी पडलं. तिने विचारलं, मी जोडीदाराकडे बघितलं, आणि आम्ही सकाळी दोन तास शिडी धरून उभ्या राहिलो. ऊन वर आलं तसं त्या पापड्यांतून लाल, हिरवा, पिवळा उजेड पाझरायला लागला आणि शेजारणीच्या पोरांचे चेहरे रंगीबेरंगी झाले. शेतकऱ्याची लेक असते तसे माझे डोळे भरून आले. शेजारच्या लागुना प्रांतात लोस बान्योसला भाताची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आयआर-८ हे वाण १९६६ मध्ये तिथूनच निघालं, आणि आमचे आजोळचे लोक "आठ नंबर" म्हणत तेच पेरायचे. मी ज्या मुलखात उभी होते तिथलं बी आमच्या खाचरात आलेलं होतं. हे कोणाला सांगू, असं झालं होतं. तुला सांगते आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस मिलेन्यो वादळ आलं. तिकडच्या वेधशाळेचं आद्याक्षरी नाव पगासा, म्हणजे आशाच. वाईट बातमी सांगणाऱ्या कचेरीचं हे नाव मला फार आवडतं. झाडं पडली, पत्रे उडाले, वीज बरेच दिवस गेली. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्या घरात गुडघाभर चिखल. आम्ही तो घमेल्याने काढला. त्यातली म्हातारी एकसारखी रडत होती. मी चुलीवर पातळ भात शिजवला, आलं घातलं, आणि चमचा तिच्या हातात दिला. आणि तिच्याकडे न बघता शेजारी कांदे निवडत बसले.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मी आंब्याबद्दल लिहिलं, हसण्याबद्दल लिहिलं, म्हणून रोज हसू आलंच पाहिजे असं धरू नकोस. काही दिवस नुसते ढकलायचे असतात. सकाळी साडेसहाला उठ, बाहेर उभी राहा, ताहोवाल्याची लांबलचक हाक ऐक. खांद्यावर कावड, दोन्हीकडे ॲल्युमिनियमचे डबे, एकात ऊन ऊन मऊ टोफू, दुसऱ्यात पाक आणि साबुदाणा. एक पेला घे. तेवढंच झालं त्या दिवशी, तरी चालेल. पण झोप येईनाशी झाली, जेवण नकोसं झालं, प्रार्थनेचे शब्दही कोरडे वाटायला लागले आणि असं आठवड्यामागून आठवडे चाललं, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण समजू नकोस. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, तसंच मिशन प्रेसिडेंटना आणि त्यांच्या पत्नीला स्पष्ट सांग. समुपदेशक असतात, मिशनरींसाठी त्यांची सोय केलेली असते. माझ्याबरोबरची एक मुलगी हे लपवत राहिली, आणि सगळ्यांसमोर कोसळली तेव्हा आम्हाला कळलं. ती दहाव्या महिन्यात घरी गेली. तिच्या गावी काही जणांनी तिला अपयशी म्हटलं, ते मी आजही विसरलेले नाही. ती आज शिक्षिका आहे, आणि तिच्यासारखं दुसऱ्याचं दुःख ओळखणारं माणूस मला भेटलेलं नाही. तुला परत यावं लागलं तर मी विमानतळावर असेन. वेळेआधी आलीस तरी, पूर्ण करून आलीस तरी. तेच फूल, तोच डबा.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. फोनवर ती तुला "जेवलीस का?" विचारते आणि तुला राग येतो असं लिहिलंस. तुझी घरमालकीणसुद्धा रोज तेच विचारते ना, "कुमाइन का ना?" शब्दशः तेच वाक्य आहे. पुढच्या सोमवारी आईला मुंगोची कृती सांग, ती दोन दिवस त्यावरच बोलत राहील.

घरमालकिणीला आंब्याबद्दल पुन्हा एकदा सांग की गोड होता. आणि उरला असेल तर अजून एक माग.

सोबत मोहरी, हिंग आणि वाळवलेला कढीपत्ता पाठवते आहे. मोहरी काचेच्या बरणीत ठेव आणि झाकण घट्ट लाव, तिथल्या दमट हवेत तिला लगेच बुरशी धरते. फोडणी देताना जोडीदाराला आधी सांग, नाहीतर दचकेल.

तुझी
मावशी